समुद्र पाहिलेले दोघे

तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थापासून कोसभर वरच्या अंगाला एक गाव आहे. तिथल्या पाटलांच्या घरातल्या थोरल्या मुलानं आरमारात साहेब व्हावं, असं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या घरातली माणसं गहू पिकवत, कापूस पिकवत, आणि पाण्याशी त्यांचा संबंध नदीवर बैल धुण्यापुरता. पण नंदुरबारच्या शाळेतल्या एका मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं की मुंबईच्या बंदरात एक जुनं जहाज नांगरून ठेवलंय आणि त्यावर हिंदी मुलांना जहाजाचा अधिकारी होण्याचं शिक्षण देतात. त्यांच्या सांगण्यावरून थोरला हिंमतराव मुंबईला गेला. वडिलांना वाटलं, पोरगं दिवाळीच्या आत परत येईल. पोरगं आलं तेव्हा अंगात पांढरा गणवेश होता. आठवडाभर राहून ते पुन्हा गेलं, आणि मग जाणंच जास्त झालं, येणं कमी.

मधल्या काळात लग्न झालं. सिंधुबाई सारंगखेड्याकडची. तिनं नवऱ्याला पाहिलं ते सुट्टीतल्या पाहुण्यासारखं. तो माल नेणाऱ्या आगबोटींवर होता. कधी एडन, कधी रंगून, कधी कोलंबो. एक मूल झालं आणि वर्षाच्या आत गेलं. त्या वेळी हिंमतराव समुद्रात होता. बातमी कळेपर्यंत घरातलं सुतक फिटून गेलेलं होतं, आणि बोटीवर सुतक धरायचं म्हणजे काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आपली पाळी केली, खाली येऊन तोंड धुतलं आणि झोपला. पुढे घरी गेला तेव्हा त्याबद्दल दोघंही बोलली नाहीत. बोलायची वेळ निघून गेली, असं दोघांनाही वाटलं असावं.

एकोणचाळीस साली लढाई सुरू झाली तशी आरमाराला माणसं हवी होती. आगबोटींवरच्या हिंदी अधिकाऱ्यांना बोलावणं आलं, त्यात हिंमतराव होता. चार वर्षांत तो एका छोट्या लढाऊ नौकेचा कप्तान झाला. शत्रूनं पाण्यात पेरलेले सुरुंग शोधून काढायचे, हे त्या नौकेचं काम. वर साठ-सत्तर माणसं. पंजाबी, मलबारी, कोकणी, बंगाली. ज्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर आहे त्यांच्याशी फार मोकळं बोलायचं नसतं, असं तो शिकला होता, आणि ते त्याला जमतही होतं. कारण मुळात त्याला मोकळं बोलायची सवय राहिली नव्हती.

वाहरू त्याच्या नौकेवर आला तो असा. त्रेचाळीस साली हिंमतराव सुट्टीवर आला असताना नंदुरबार स्टेशनाजवळ भरतीचा तंबू लागला होता, आणि वरिष्ठांच्या सांगण्यावरून तो गणवेश घालून दोन दिवस तिथे उभा राहिला. लोक बघायला येत आणि बघून जात. दुसऱ्या दिवशी सातपुड्यातला एक काळा, सडपातळ, पंचविशीचा माणूस बराच वेळ समोर उकिडवा बसून राहिला. मग उठून जवळ आला आणि बाजारात बोलतात तशा अहिराणीत विचारलं,

"सायब, समुद्र कितला मोठा शे?"

"तुन्हा डोंगरवर उभा ऱ्हाईसन देख. जठलोंग नजर जाई, तठलोंग पानीच पानी."

माणसानं मान हलवली. "मंग देखी लेसू," तो म्हणाला, आणि अंगठा उठवला.

तोच वाहरू. मोलगीकडचा. त्याला बॉयलरवर कोळसा-पाण्याचं काम मिळालं, आणि फिरत फिरत वर्षभरानं तो हिंमतरावाच्याच नौकेवर येऊन पोचला. कप्तान वर, स्टोकर तळाशी. महिनोन्‌महिने गाठ पडत नसे. पडली तरी वाहरू बाजूला सरून ताठ उभा राहायचा आणि हिंमतराव मान हलवून पुढे जायचा.

एकदाच तसं झालं नाही. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगत सुरुंग काढताना एक फार जवळ फुटला. नौका उचलली गेली आणि आपटली. दिवे गेले. बॉयलरच्या खोलीत पाणी शिरलं, आणि वरच्या माणसाला खालचं काही कळेना. वर-खाली बोलायला पितळी नळी असते. हिंमतराव तिच्यात ओरडला, इंग्रजीत, हिंदुस्तानीत. उत्तर नाही. मग तोंडून आपसूक घरची भाषा निघाली.

"वाहरू, आयकी ऱ्हायना का? पानी कितलं शे?"

थोडा वेळ नुसती घरघर. मग आवाज आला.

"कंबरलोंग, सायब. बाकीना वर गयात. मी झडप बंद करी ऱ्हायनू."

"व्हई का बंद?"

"व्हई जाई. तुम्ही बोलत ऱ्हा."

मग हिंमतराव बोलत राहिला. काय बोलला ते त्याला पुढे नीट आठवलं नाही. गहू, विहीर, गावची यात्रा, असलं काहीतरी. आजूबाजूच्या अधिकाऱ्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि ते कप्तानाकडे बघत राहिले. झडप बंद झाली. नौका बुडाली नाही. वाहरूची शिफारस करताना त्यानं चार ओळी इंग्रजीत लिहिल्या, आणि दोघं पुन्हा आपापल्या जागी गेले. एक वर, एक तळाशी.

लढाई संपली. सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात खलाशांनी काम थांबवलं. जहाजांवरचे इंग्रजी झेंडे उतरले. एका दुपारी हिंमतरावाच्या खोलीच्या दारात पाचजण आले. चौघं मागे थांबले आणि वाहरूला पुढे केलं, कारण कप्तानाशी त्याच्या भाषेत बोलणारा तो एकटा.

"सायब, तुम्ही उतरी जा," वाहरू खाली बघत म्हणाला. "तुमले कोनी हात लावाव नही. पन उतरी जा."

"तूबी शे का यासमा?"

"शे."

हिंमतरावानं टोपी घातली. तो शिडीकडे गेला तेव्हा खलाशी दोन्ही बाजूंनी ओळीत उभे होते. खालच्या होडीत बसताना त्याच्या मनात आलं, की यांचं चुकलं असं मला वाटत नाही, आणि मी यांच्यातला नाही हेही खरं. धक्क्यावर उतरला तर तिथले गोरे अधिकारीही त्याच्याशी जपून बोलू लागले. दोन्हीकडे त्याला जागा नव्हती.

पुढे चौकशी झाली. खोलीच्या दारात कोण कोण आलं होतं, हे त्याला विचारलं. तो म्हणाला, लक्षात नाही. ज्याला आपल्या नौकेवरचा प्रत्येक चेहरा ठाऊक असतो तो कप्तान असं म्हणाला, यावर समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. दोन महिन्यांनी त्याला कळवण्यात आलं की त्याच्या सेवेची आता गरज उरलेली नाही. वाहरू आणि इतर कित्येक त्याच्या आधीच घरी पाठवले गेले होते.

हिंमतराव गावी आला. वय पस्तिशीच्या पुढे. वडील गेले होते, आई लढाईच्या दिवसांत गेली होती. धाकटा भाऊ सुकलाल शेती बघत होता, आणि चांगली बघत होता. तो दादाला काही काम सांगत नसे. "ऱ्हाऊ द्या सायब, तुमना हात नही बठाव," असं हसून म्हणे. मनात वाईट काही नव्हतं. पण 'दादा' जाऊन 'सायब' कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सिंधुबाईनं त्याचं ताट वाढलं, कपडे धुतले, अंथरूण घातलं. तिच्या दिवसाला एक घडी होती. त्यात त्याला कुठे बसवायचं हे तिला कळत नव्हतं. पहाटे त्याला आपोआप जाग यायची आणि तो अंगणात येरझारा घालायचा. इकडून तिकडे, नौकेच्या लांबीइतकं, मग वळायचं. शेजारच्या बायका कुंपणाआडून बघायच्या. एक दिवस सिंधुबाई म्हणाली,

"तुम्ही कोनी वाट देखतस का?"

"नही. का बरं?"

"तसं दिखस."

एवढंच. पण ते बोलणं त्याला बरेच दिवस पुरलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात धुळ्याच्या सरकारी कचेरीतून निरोप आला. डोंगरात धान्याची टंचाई होती. बाहेरून आलेला मका आणि ज्वारी मोलगीला साठवून पाड्यापाड्यांवर पोचवायची, आणि पावसाळाभर तिथेच राहायचं, असं काम होतं. जायला कुणी तयार नव्हतं. लष्करात हुकमत केलेला माणूस आहे म्हणून कुणीतरी हिंमतरावाचं नाव सुचवलं. त्यानं त्याच दिवशी होकार कळवला. सिंधुबाईला म्हणाला, "तू येशी का?" ती म्हणाली, "मी तठे काय करसू?" आणि त्याची वळकटी बांधायला घेतली.

अक्कलकुव्याहून वर घाट चढताना तो मध्येच थांबून बघत राहिला. डोंगरामागे डोंगर, शेवटपर्यंत. मोलगीत त्याला दोन खोल्यांचं कौलारू घर मिळालं, शेजारी धान्याची कोठी, आणि हाताखाली सुरुपसिंग नावाचा एक तरणाताठा कारकून. सुरुपसिंग इथलाच; भिली, अहिराणी, मराठी तिन्ही बोलायचा. हिंमतरावानं पहिल्याच आठवड्यात कोठी साफ करून घेतली, पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर रचली, वाटपाचे वार ठरवले. लोक शांतपणे यायचे, धान्य घ्यायचे, जायचे. त्याच्याशी बोलायचे नाहीत. त्यांची भाषा त्याला येत नव्हती आणि साहेबाशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

बाजाराच्या दिवशी त्याला वाहरू दिसला. डोक्याला फडकं, कमरेला लंगोटी, खांद्यावर बांबूच्या टोपल्या. पण चालण्यात अजून ते होतं: पाय जरा फाकवून, बोटीच्या हलत्या फळ्यांवर चालल्यासारखं. हिंमतराव पुढे झाला. वाहरूनं त्याला पाहिलं, ओळखलं, आणि टोपल्या उचलून गर्दीत निघून गेला.

"त्याला ओळखतोस का?" हिंमतरावानं सुरुपसिंगला विचारलं.

"वाहरू तो, साहेब. नदीपलीकडच्या पाड्यावर राहतो. बोटीवर होता म्हणतो. समुद्राचं सांगायला लागला की लोक हसतात. आता सांगत नाही."

"का हसतात?"

"पाणी खारट असतं म्हणतो. आभाळाला टेकलेलं असतं म्हणतो." सुरुपसिंग जरा थांबला. "खरं आहे का साहेब ते?"

"खरं आहे."

दोन दिवसांनी हिंमतराव एकटाच नदी उतरून त्या पाड्यावर गेला. नदीला तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं. वाहरूची बायको कालीबाई अंगणात तेलासाठी मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, दगडानं फोडत होती. तिनं खाट आणून टाकली, पाणी दिलं. वाहरू घरातून आला आणि खाटेपासून लांब, जमिनीवर बसला.

"बरा शे का?" हिंमतरावानं विचारलं.

"बरा शे."

कालीबाईच्या दगडाचा आवाज येत राहिला. मग वाहरूनंच विचारलं.

"सायब, तुम्ही मन्हं नाव सांगं का तठे?"

"नही."

"मंग माले कसं काढं?"

"माले ठाऊक नही, वाहरू."

वाहरूनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. "तुम्ही कप्तान व्हतात," तो म्हणाला. "कप्तानले ठाऊक ऱ्हास."

आपल्यालाही काढलं हे हिंमतराव सांगू शकला असता. पण समोर लंगोटीवर बसलेल्या माणसाला, आपण नव्या सरकारी नोकरीत असताना, ते सांगणं त्याला शोभेना. तो उठला. कालीबाईनं त्याच्या हातात चार कैऱ्या ठेवल्या. परत येताना नदीत उभा राहून त्यानं तोंडावर पाणी मारलं. वाहरूचा विश्वास बसला नाही हे त्याला लागलं होतं, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की वाहरूचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पाऊस लागला. ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, आणि मोलगीत कोठीपुढे बांबूला झेंडा बांधून तो हिंमतरावानंच चढवला. सुरुपसिंग आणि पाच-पंचवीस माणसं भिजत उभी होती. झेंडा ओला होऊन बांबूला चिकटला, तो काही फडकला नाही. हिंमतरावानं बोलायचं होतं. त्याला दोन वाक्यांपुढे सुचलं नाही. सगळ्यांना गूळ वाटून तो आत आला.

त्यानंतर झड लागली ती थांबेना. नदी दोन्ही काठ धरून वाहू लागली, लाल, झाडं-ओंडके घेऊन. पलीकडच्या पाड्यांचं वाटप चुकलं. एकदा चुकलं, पुन्हा चुकलं. हे दिवस डोंगरात आधीच वाईट. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात हिरवं. पलीकडच्या काठावर माणसं येऊन उभी राहू लागली. पाण्याच्या आवाजात त्यांचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी ओरडणं सोडलं, नुसती बसून राहू लागली.

"उतार पडेपर्यंत काही करता येत नाही, साहेब," सुरुपसिंग म्हणाला.

हिंमतराव काठाकाठानं चालत गेला. एका ठिकाणी दोन्ही बाजूंना खडक पुढे आले होते आणि नदी अरुंद झाली होती. तिथे दोन्हीकडे जुनी, जाड झाडं. त्यानं तिथे उभं राहून बराच वेळ पलीकडे पाहिलं. भर समुद्रात एका नौकेवरून दुसऱ्या नौकेवर सामान पाठवतात तेव्हा दोन्ही नौका हलत असतात. इथे निदान काठ तरी जागचे हलत नव्हते.

त्यानं गावातले सगळे दोर गोळा केले. मोटेचे दोर, बैलगाडीचे दोर, कोठीतला सुंभ; ते स्वतः बसून जोडले आणि प्रत्येक गाठ ओढून पाहिली. लाकडाची एक कप्पी सुतारानं करून दिली. सकाळी तो माणसं घेऊन त्या खडकावर गेला. त्यातल्या एकानं बाणाला बारीक सुताची दोरी बांधून बाण पलीकडे सोडला. पहिला पाण्यात पडला, दुसराही. तिसरा पलीकडच्या झुडपात शिरला. तिथल्या माणसांनी तो उचलला, दोरी बघितली, आणि पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. हिंमतराव हातवारे करत होता. ते बघत होते.

मग त्या घोळक्यातून वाहरू पुढे आला. त्यानं दोरी हातात घेतली, इकडे पाहिलं, आणि उजवा हात वर करून मूठ फिरवली. ओढतो, असं. हिंमतरावानं हात आडवा केला: थांब. बारीक दोरीच्या टोकाला जाड दोर बांधला, ओला करून ताणून बघितला, आणि मग हात वर केला. वाहरू ओढू लागला. दोर पाण्यात गेला की नदी तो खेचून न्यायची. वाहरूनं चार माणसं मागे लावली, त्यांना पाय कुठे रोवायचे ते दाखवलं. दोर पलीकडे पोचला. त्यानं तो झाडाला दोन वेढे देऊन बांधला, त्यावर आपलं सगळं वजन टाकून पाहिलं आणि ठीक आहे म्हणून अंगठा वर केला.

मग तशीच आणखी एक दोरी नेऊन कप्पी दोन्ही काठांवरून ओढायची सोय केली. पहिलं पोतं गेलं ते मधोमध लोंबकळून थांबलं. वरच्या अंगानं एक ओंडका वाहत आला आणि पोत्याच्या खालून निघून गेला. वाहरूनं तळहात खाली दाबला: ढील. इकडून ढील दिली. मग मूठ फिरली, आणि पोतं पलीकडच्या खडकाला लागलं.

दिवसभर ते चाललं. पावसाची सर यायची, जायची. शब्द एकही नव्हता. एकाचा हात उठला की दुसऱ्याला कळायचं. आजूबाजूची माणसं आधी हाताकडे बघायची, मग दोराला हात घालायची. सुरुपसिंग नंतर लोकांना सांगायचा, की दोघं मुक्यांसारखे बोलत होते आणि आम्हाला वाटलं यांच्यात काहीतरी जुनं आहे. हिंमतरावाच्या तळहातांची सालं निघाली. त्याला किती तरी महिन्यांनी भूक लागली होती. आपण कुणाबरोबर तरी काम करतो आहोत, हे त्याला पोती निम्मी गेल्यावर जाणवलं, आणि मग ती संपू नयेत असं वाटत राहिलं.

शेवटचं पोतं उतरलं. पलीकडची माणसं पोती डोक्यावर घेऊन वर चढू लागली. वाहरू मागे राहिला. हिंमतरावानं हात हलवून खुणावलं: दोराला पाळणा बांधतो, इकडे येतोस का? वाहरूला कळलं. तो क्षणभर उभा राहिला. मग मान हलवली, नाही. झाडाचे वेढे सोडले, दोराचं टोक पाण्यात जपून सोडलं आणि इकडून ओढून घेईपर्यंत थांबला. दोर इकडच्या काठाला लागल्यावर त्यानं आपलं पोतं उचललं आणि चढणीला लागला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. हिंमतराव दोर गुंडाळत राहिला.

पावसाळा सरला तरी कोठीचं काम हिंमतरावाकडेच राहिलं. दिवाळीनंतर धुळ्याला बोलावणं आलं. गोरे अधिकारी मायदेशी चालले होते आणि आरमाराला जाणते हिंदी कप्तान हवे होते. मुंबईहून आलेले गृहस्थ अदबीनं बोलले. मोठी नौका मिळेल म्हणाले, बढती मिळेल म्हणाले. हिंमतरावानं सगळं ऐकून घेतलं.

"त्या वेळी काढलेल्या खलाशांना परत घेणार आहात का?" त्यानं विचारलं.

"तसा काही विचार नाही," गृहस्थ म्हणाले. "तुमचा प्रश्न वेगळा आहे."

"माझा वेगळा नाही," हिंमतराव म्हणाला. चहा पिऊन तो उठला.

वाटेत तो गावी थांबला. सिंधुबाईनं सगळं ऐकलं. तिला वाटलं होतं आता तो पुन्हा समुद्रावर जाणार, आणि त्याची तिला सवय होती. न जाण्याचं काय करायचं हे तिला समजेना. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर मोलगीला आली. महिनाभर राहिली. घर सारवलं, मिरच्या वाळवल्या, संध्याकाळी ओट्यावर त्याच्या शेजारी बसली. एकदा ती आपण होऊन म्हणाली, "पोरगा व्हता ना, तो तुमनासारखा झोपे. मूठ बांधीसन." हिंमतरावानं तिचा हात धरला, आणि तिनं तो थोडा वेळ धरू दिला. मग थंडी वाढली तशी तिला खोकला झाला, सुकलाल गाडी घेऊन न्यायला आला, आणि ती गेली. येईन, म्हणाली. पुढे ती वर्षातून एकदा यायची.

पौषात एका दुपारी वाहरू आला. बरोबर टोपलीभर नवी बर्टी होती, डोंगरात पिकणारं बारीक धान्य. कालीबाईनं पाठवली, म्हणाला. तो ओट्याच्या पायरीवर बसला. हिंमतरावानं खुर्ची मागे सारली आणि तोही पायरीवर बसला. वाहरू जरा बाजूला सरकला.

"जहाज कोठे शे आते?" वाहरूनं विचारलं.

"माले ठाऊक नही. मोडी टाकं व्हई."

"चांगलं व्हतं."

"चांगलं व्हतं."

वाहरूनं विडी काढली, त्याच्यापुढे केली. हिंमतराव ओढत नसे, पण त्यानं घेतली. समोर डोंगरांच्या रांगा उन्हात निळ्या पडल्या होत्या. दोघं तिकडे बघत बसले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते सुरू कुठून करायचं ते दोघांनाही येत नव्हतं. एकानं मलबारी स्वयंपाक्याची आठवण काढली, जो वरणात नारळ घालायचा. दुसरा हसला.

ऊन कलल्यावर वाहरू उठला. पाडा लांब होता, वाटेत जंगल होतं.

"येत ऱ्हाय," हिंमतराव म्हणाला.

"काम ऱ्हास," वाहरू म्हणाला. "देखू."

तो उतरून गेला. सुरुपसिंगनं येऊन विचारलं की उद्याच्या वाटपासाठी कोठी किती वाजता उघडायची. हिंमतरावानं सांगितलं, आणि बर्टीची टोपली उचलून आत ठेवली.